कामठी ते मनसर : आमच्या मुलांनी पाहिलेला जपान

जपान म्हटले की आपल्या घरांतून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे तिथली यंत्रे, आणि दुसरी म्हणजे 'जपान हा बुद्धाचा देश आहे' हे वाक्य. अलीकडे तिसरी गोष्ट त्यात आली आहे. गोंदिया, तिरोडा, आमगाव येथल्या बसस्थानकांजवळच्या भिंतींवर 'जपानमध्ये नोकरी' अशा जाहिराती दिसू लागल्या आहेत. आय.टी.आय. झालेली, नर्सिंगचा कोर्स केलेली, बी.ए. होऊन घरी बसलेली आपली मुले-मुली त्यांच्यापुढे उभी राहतात आणि फोन नंबर उतरवून घेतात. ज्या देशात जायचे तो देश कसा आहे, तिथली माणसे कशी राहतात, काय मानतात, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही काही कार्यकर्त्यांनी ठरवले की मुलांना आधी जपानची नीट ओळख करून द्यायची. विमानाचे तिकीट आपल्या कुवतीबाहेरचे. पण विदर्भात जपानच्या खुणा इतक्या आहेत की दोन दिवसांची सहलही पुष्कळ शिकवून जाते.

धान चुरून झाले, घरची कामे थोडी सैल पडली, तेव्हा जानेवारीत ही सहल काढली. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून १८ ते २८ वयाची ३४ मुले-मुली आली आणि सोबत आम्ही चौघे. चौघांपैकी एक तिरोड्याकडची ताई. ती तीन वर्षे जपानमध्ये वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करून परत आली आहे आणि आता जपानी भाषा शिकवते. सहलीची खरी मार्गदर्शक तीच. आम्ही कारकून माणसे, आमच्याकडे हिशेब.

निघण्याआधीचे तीन रविवार ताईने विहारात वर्ग घेतला. फळ्यावर तिने जपानी अक्षरांचा तक्ता लिहिला आणि मुलांकडून म्हणून घेतला : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मुले चकित झाली. हा तर आपल्या बाराखडीचाच क्रम! ताईने कारण सांगितले. बौद्ध भिक्खूंबरोबर संस्कृतच्या उच्चारांचे शास्त्र चीनमार्गे जपानला गेले, आणि तिथल्या विद्वान भिक्खूंनी आपली अक्षरे त्या क्रमाने लावली. वाक्याची रचनाही मराठीसारखीच, क्रियापद शेवटी. 'गोंदिया कारा किमाशिता' म्हणजे 'गोंदियाहून आलो'. आपण नावापुढे 'जी' लावतो तसे ते 'सान' लावतात. इंग्रजीला घाबरणारी सालेकशाची एक मुलगी तिसऱ्या रविवारी स्वतःचा परिचय जपानीत देऊ लागली.

त्याच वर्गात एका गावच्या वडीलधाऱ्या काकाजींनी वेगळाच दुवा दिला. ते म्हणाले, "जपान आमच्या बांधीत माझ्या लहानपणीच आला होता." ही गोष्ट खरी आहे. १९५३ साली देशभर 'जपानी पद्धतीच्या भातशेती'ची मोहीम निघाली होती. पऱ्ह्यांसाठी उंच गादी वाफे करायचे, बियाणे निवडून घ्यायचे, खत द्यायचे, रोवणी दोरी धरून ओळीत करायची आणि ओळींमधून निंदण करायचे. जिथे रोवणीऐवजी बी फेकले जाई, तिथे ही मोठी सुधारणा होती. आपला जिल्हा धानाचा, जपानही धानाचाच. मुलांना ही ओळख यंत्रांपेक्षा जवळची वाटली.

सकाळच्या गाडीने गोंदिया सोडले. तिरोड्यानंतर वैनगंगा ओलांडली, तुमसर रोड, भंडारा रोड मागे टाकले, कन्हानचा पूल आला आणि कामठीला उतरलो. मुलांना आधी ड्रॅगन पॅलेस पाहायचा होता, पण आम्ही त्यांना प्रथम बाबू हरदास यांच्या समाधीकडे नेले. ज्या 'जय भीम'ने आपण एकमेकांना भेटतो, त्या अभिवादनाचा प्रसार करणारे बाबू हरदास एल.एन. हे कामठीचेच. जन्म १९०४चा, मृत्यू १९३९चा. आयुष्य अवघे ३५ वर्षांचे. तेवढ्यात त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली आणि १९३७ साली विधिमंडळात निवडून आले. आमच्या सहलीतल्या निदान दहा मुलांच्या आया-आज्यांनी विड्या वळून घर चालवले आहे. कन्हानकाठी ती मुले बराच वेळ गप्प उभी होती.

ड्रॅगन पॅलेसची गोष्टही विडी कामगारांच्या याच गावाशी जोडलेली आहे. विडी कामगारांचे नेते दादासाहेब कुंभारे यांच्या कन्या अॅड. सुलेखाताई कुंभारे यांच्या पुढाकाराने आणि जपानच्या श्रीमती नोरिको ओगावा यांच्या दानातून हे बुद्धविहार उभे राहिले. १९९९ साली ते खुले झाले. आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे दोघांचे वय एकच. वरच्या मजल्यावरील प्रार्थनागृहात चंदनाच्या एकाच लाकडातून कोरलेली ८६४ किलो वजनाची बुद्धमूर्ती आहे. नारळ नाही, गर्दीची रेटारेटी नाही, मोठ्याने बोलणे नाही. बाहेर बाग राखलेली, फरशी स्वच्छ. २०१७ साली राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते इथल्या विपश्यना केंद्राचे उद्घाटन झाले.

बाहेर पडल्यावर अर्जुनी मोरगावच्या एका मुलाने विचारले, "बुद्धविहाराला ड्रॅगनचे नाव कशाला? तो तर राक्षस ना?" ताई हसली. तिने सांगितले की युरोपातल्या गोष्टींतला ड्रॅगन वेगळा आणि पूर्वेकडचा वेगळा. तिकडे तो पाऊस देणारा, धम्माचे रक्षण करणारा. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा आपल्या 'नाग' शब्दासाठी जे अक्षर वापरले गेले, तेच ड्रॅगनचे अक्षर. आचार्य नागार्जुनांना जपानीत 'र्युजु' म्हणतात, आणि त्यातल्या 'र्यु'चा अर्थ ड्रॅगन. १५ ऑक्टोबर १९५६च्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडले ते सांगताना नाग लोकांचाच दाखला दिला होता. नाग, नागार्जुन, नागपूर आणि ड्रॅगन हे एका ओळीत बसतात, हे त्या दिवशी मुलांच्या ध्यानात आले.

कामठी रोडने सरळ गेले की नागपूरचे इंदोरा लागते. इथल्या बुद्धविहाराशी भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. १९३५ साली जपानच्या ओकायामा प्रांतात जन्मलेला हा भिक्खू १९६०च्या दशकात भारतात आला आणि इंदोऱ्याच्या वस्तीत आपल्या लोकांमध्ये राहिला. आपली भाषा शिकला, आपल्या सुखदुःखात उभा राहिला आणि पुढे भारताचा नागरिक झाला. १९९२ पासून बुद्धगयेच्या महाबोधी विहाराच्या मुक्तीचे आंदोलन त्यांनी नेले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ससाईजी ज्या काळात इथे आले, तेव्हा जपानमध्ये कारखाने जोरात होते, पगार वाढत होते. तो देश सोडून एक माणूस झोपडपट्टीत येऊन राहिला. आज आपली मुले उलट दिशेने निघाली आहेत.

अशी ये-जा नवी नाही. जपानच्या नारा शहरात सुमारे १५ मीटर उंचीची काशाची बुद्धमूर्ती आहे. ७५२ साली तिच्या डोळ्यांत पहिली रेखा भरण्याचा मान बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूला दिला गेला होता. बाराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आपला माणूस तिकडे गेला तो मान घेऊन. आपल्या काळातही तसा मान मिळाला आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

दीक्षाभूमीला वंदन करून संध्याकाळी एका विहाराच्या सभागृहात मुक्काम केला. जेवणे झाली आणि मुले ताईभोवती बसली. देवरीच्या एका तरुणाने जो प्रश्न विचारला, तो बहुधा सगळ्यांच्याच मनात होता.

"ताई, तिथे जात विचारतात का?"

ताई म्हणाली, "मला कुणी विचारली नाही. आपल्या जाती त्यांना ठाऊकच नाहीत. माझ्या हातचे पाणी म्हातारी माणसे पीत होती आणि मला आशीर्वाद देत होती. पण त्यांच्या देशात त्यांची स्वतःची अस्पृश्यता होती, आणि ती अजून पुरती गेलेली नाही."

सभागृहात एकदम शांतता पसरली. ताईने मग बुराकू लोकांची हकीकत सांगितली. जपानमध्ये चामडे कमावणारे, जनावरे कापणारे, मढ्यांची व्यवस्था लावणारे लोक गावाबाहेर वेगळ्या वस्त्यांत राहत. त्यांना 'एता' म्हणत. त्या शब्दाची अक्षरे वाचली तर अर्थ निघतो 'पुष्कळ घाण'. दुसऱ्या गटाला 'हिनिन' म्हणत, म्हणजे 'माणूस नव्हे तो'. १८७१ साली सरकारने फर्मान काढून हा भेद कायद्याने मोडला, पण लग्नाच्या आणि नोकरीच्या वेळी मूळ वस्ती शोधून काढणे चालूच राहिले. १९७५ साली तर उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या आणि नोकरीला घेताना कंपन्या त्या पाहत होत्या. दिसायला सारखे, बोलायला सारखे, धर्म सारखा. तरी पत्त्यावरून माणूस ओळखायचा.

"पण ताई, बौद्ध देशात?" गोरेगाव तालुक्यातल्या एका मुलीचा आवाज चढला होता.

ताईने सांगितले ते ऐकायला जड होते. जपानमध्ये माणूस मेल्यावर विहारातून त्याला धम्मनाम देतात आणि ते थडग्याच्या दगडावर कोरतात. बुराकू माणसांच्या दगडांवर कित्येक ठिकाणी 'पशू', 'चामडे', 'हीन' अशा अर्थाची अक्षरे कोरली गेली. म्हणजे मरणानंतरही जात सुटली नाही, आणि ती लिहिणारा हात पुरोहित भिक्खूचा. १९७९ साली धर्म आणि शांतता या विषयावरच्या जागतिक परिषदेत जपानच्या एका मोठ्या बौद्ध पंथाच्या प्रमुखांनी 'आमच्याकडे असा भेदभाव नाही' असे सांगितले. बुराकू संघटनांनी जाब विचारला. पुढे त्यांना ते विधान मागे घ्यावे लागले. पंथाने माफी मागितली आणि जुने दगड व नोंदवह्या तपासून दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले.

यात बुराकू लोकांची बाजू आम्हांला अधिक मोलाची वाटते. ३ मार्च १९२२ रोजी क्योटो शहरात त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. नावाचा अर्थ साधारण 'समतल करणाऱ्यांची संस्था', जसे पाणी समतल राहते तसे. कुणाच्या दयेने नव्हे, तर आपल्याच बळावर मुक्त व्हायचे, हा त्यांचा निर्धार होता. पुढे दोनच वर्षांनी, १९२४ साली, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि २० मार्च १९२७ला महाडचे चवदार तळे गाजले. हजारो मैलांवर दोन समाज जवळपास एकाच वेळी ताठ उभे राहिले. डिसेंबर २०१६ मध्ये जपानच्या संसदेने बुराकू भेदभाव दूर करण्यासाठी कायदा केला, म्हणजे भेदभाव अजून आहे हे सरकारनेही मान्य केले.

त्या रात्री मुले लवकर झोपली नाहीत. काहींचे म्हणणे होते की हे सांगायलाच नको होते, जपानबद्दलची श्रद्धा कमी झाली. देवरीच्या तरुणाचे म्हणणे वेगळे होते. "उलट आता तिथे गेलो तर आपली माणसे कोण हे मला कळेल," असे तो म्हणाला. गोरेगावची मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, "मग धम्म घेऊन जात जात नाही का?" आम्ही तिला सांगितले की धम्म नुसता घरात असून भागत नाही, तो वागण्यात उतरावा लागतो. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या त्या याचसाठी. ज्या देशात बुद्ध आला आणि समतेची प्रतिज्ञा मागे राहिली, तिथे काय घडले ते तिने आत्ताच ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी बसने मनसरला गेलो. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने, रामटेकच्या अलीकडे हे गाव लागते. ससाईजींच्या पुढाकारातील बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेने इथे १९९८ पासून उत्खनन करवले. काम जगतपती जोशी आणि ए. के. शर्मा या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली झाले. हिडिंबा टेकडीतून विटांचे प्रचंड बांधकाम निघाले. आचार्य नागार्जुन इथे राहिले होते अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. उत्खनन करणाऱ्यांनी स्तूपांचे अवशेषही नोंदवले. अनेक इतिहासकार मात्र टेकडीवरील मुख्य वास्तू पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे शिवमंदिर मानतात आणि खालचा परिसर त्याची राजधानी प्रवरपूर. दोन्ही बाजू आम्ही मुलांसमोर ठेवल्या. 'एहिपस्सिको' म्हणजे 'ये आणि पाहा'. मुलांनी विटा पाहिल्या, पायऱ्या मोजल्या, आपसात वाद घातले. वाद पुराव्यावर घालायचा असतो, घोषणेवर नाही, हे विटांच्या त्या ढिगाऱ्यावर जेवढे पटते तेवढे व्याख्यानात पटत नाही.

दुपारी झाडाखाली बसून ताईने कागदाचे करकोचे करायला शिकवले. हिरोशिमावरच्या अणुबॉम्बच्या किरणोत्साराने आजारी पडून १९५५ साली बाराव्या वर्षी वारलेल्या सादाको सासाकी या मुलीची गोष्ट तिने सांगितली. हजार करकोचे केले तर इच्छा पुरी होते, या समजुतीने ती दवाखान्यात कागद दुमडत राहिली होती. तिच्या आणि तिच्यासारख्या मुलांच्या स्मरणार्थ १९५८ साली हिरोशिमात स्मारक उभे राहिले. आमगावचा एक मुलगा म्हणाला, "आपल्याकडे खरे करकोचे आहेत की!" तो सारस पक्ष्यांबद्दल बोलत होता. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आपल्या गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांवर. जपानी माणूस ज्या पक्ष्याला दीर्घायुष्याचे चिन्ह मानतो, त्याचा हा भाऊबंद आपल्या शेतात अंडी घालतो, आणि आपल्या शेतकऱ्यांनीच त्याला जगवले आहे.

परतीच्या गाडीत गोरेगावची ती मुलगी आमच्याजवळ येऊन बसली. तिच्या वडिलांनी एका एजंटाशी बोलणे केले होते. मुलीला जपानला पाठवण्यासाठी तीन लाख रुपये द्यायचे आणि त्यासाठी घरची दीड एकर धानाची जमीन गहाण ठेवायची. कागद पुढच्याच आठवड्यात व्हायचे होते. भाषेची परीक्षा द्यावी लागते हे एजंटाने सांगितलेच नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही आणि ताई तिच्या घरी गेलो. एजंटाचा परवाना क्रमांक मागितला, तर तो टाळाटाळ करू लागला. परराष्ट्र मंत्रालयाच्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. जमीन वाचली. ती मुलगी आता ताईच्या वर्गात येते. पास होईल की नाही, जाईल की नाही, हे पुढचे पुढे.

म्हणून पालकांसाठी काही गोष्टी इथे लिहून ठेवतो. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांसंबंधी करार झाला आहे. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, खाद्यपदार्थांचे कारखाने अशा क्षेत्रांत त्यातून जाता येते. पण कामाची आणि जपानी भाषेची अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. भाषेला मेहनत लागते, ती पैसे देऊन विकत मिळत नाही. एजंट नोंदणीकृत आहे का ते मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावे. पावतीशिवाय रुपया देऊ नये. पगारातून घरभाडे, विमा, कर किती कापले जातील ते लेखी घ्यावे. जमीन गहाण ठेवण्याआधी तिथे जाऊन आलेल्या एका तरी माणसाशी बोलावे. ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी जपान सरकारची शिष्यवृत्ती आहे, आणि आपल्या राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. दोन्हींसाठी अर्ज करायला एजंट लागत नाही.

आता हिशेब. बसभाडे ९,५०० रुपये, रेल्वेभाडे ३,८०० रुपये, जेवण व नाश्ता ४,३०० रुपये, किरकोळ ६४० रुपये. एकूण १८,२४० रुपये. ३८ माणसांत माणशी ४८० रुपये पडले. सहा मुलांना पैसे देणे शक्य नव्हते. त्यांचा वाटा नोकरदार मंडळींनी उचलला. पहिल्या दिवशीचा डबा घरचा होता आणि मुक्काम विहारात फुकट झाला, म्हणून एवढ्यात भागले.

भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटकडच्या बांधवांनाही अशी सहल सहज काढता येईल. मुलांना खुशाल बाहेर पाठवा. फक्त त्यांना सांगा की कुठल्याही देशापुढे खालमानेने उभे राहू नका आणि कुठल्याही देशावर डोळे मिटून भाळू नका. आमच्या ३४ मुलांनी दोन दिवसांत निदान एवढे तरी शिकून घेतले.

जय भीम.